शंका आली होती, पण...

(कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षण शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



विषय 'गटातली निर्णयप्रक्रिया' आणि ही बाई स्कीइंगबद्दल बोलणार, म्हणून काहीजणी हसलात. हसा. मी स्वतः पायाला स्की कधी बांधलेली नाही. पण समाजकार्याच्या अभ्यासक्रमात गटकार्य शिकताना जे नीट कळलं नव्हतं, ते या बर्फातल्या भटकंतीबद्दल वाचताना कळलं.

पर्यटकांचं स्कीइंग वेगळं. तिथे वर न्यायला पाळणे असतात, उतार तयार करून ठेवलेले असतात. या भटकंतीत निर्मनुष्य डोंगर स्वतः चढायचा. स्कीच्या तळाला एक पट्टी चिकटवतात, पूर्वी ती सीलच्या कातड्याची असे, म्हणजे मागे घसरायला होत नाही. काही तास चढायचं आणि काही मिनिटांत उतरायचं. धोका हिमस्खलनाचा. बर्फात एखादा कच्चा थर राहतो, त्यावर ताजा बर्फ साचतो, आणि साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावर माणसाच्या भाराने वरचा सगळा थर सुटतो. बहुतेक वेळा भार असतो तो गाडल्या जाणाऱ्याचा, नाहीतर त्याच्याच सोबत्याचा. म्हणून प्रत्येकाजवळ तीन वस्तू हव्यात: ठावठिकाणा कळवणारं यंत्र, बर्फात खुपसून पाहायची लांब काठी आणि फावडं. पंधरा मिनिटांच्या आत उकरून काढलं तर आशा बरीच. अर्ध्या तासानंतर फार थोडी. बाहेरची मदत तेवढ्यात पोचत नाही. म्हणजे पाठीवरचं फावडं स्वतःसाठी नसतंच, ते दुसऱ्यासाठी असतं. मला ही गोष्ट फार आवडली.

१९ फेब्रुवारी २०१२. अमेरिकेत कॅस्केड पर्वतरांगेतला स्टीव्हन्स पास. सोळाजण स्की केंद्राची हद्द ओलांडून मागच्या जंगली उताराच्या माथ्यावर गेले. सगळे मुरलेले. धोक्याची सूचना त्या दिवशी दिलेली होती. उतार सुटला. तीन पुरुष गेले. एलिस सॉगस्टॅड ही व्यावसायिक स्कीपटू वाहून गेली, पाठीवरच्या हवेच्या पिशवीमुळे वाचली. पुढे जॉन ब्रँच या पत्रकाराने वाचलेल्यांशी बोलून सविस्तर लिहिलं. गट फार मोठा आहे, हे काहींच्या मनात माथ्यावरच आलं होतं. पण बरोबर एवढी जाणती, तिथलीच माणसं! त्यांनी विचार केलाच असेल.

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटल्यासारखी बसून राहिले. कारण हे मी केलं होतं. एका संस्थेत मी नवीन होते. एका बाईला सासरी परत पाठवायचं, समझोता झालाय, असं ठरलं. तिची मान खाली होती, ती आम्हां तिघींनाही दिसली. ज्येष्ठ ताईंचा वीस वर्षांचा अनुभव. आम्ही गप्प. सतराव्या दिवशी ती मोडलेला हात घेऊन दारात उभी राहिली. ताईंना दोष देऊन मी बरीच वर्षं काढली. माझ्या गप्प बसण्याचं काय करायचं, ते कळत नव्हतं.

इयान मॅकॅमन या अभ्यासकाने हिमस्खलनाचे सातशेहून अधिक अपघात तपासले. ओळखीच्या उतारावर प्रशिक्षण घेतलेली माणसंही बेसावध होतात, असं त्याला दिसलं. आपल्या 'अशा केसेस खूप पाहिल्यात'ची आठवण येते की नाही?

तिकडे पुष्कळ गट एक नियम पाळतात: एकीने जरी 'नको' म्हटलं, तरी सगळ्यांनी परत फिरायचं, कारण मागायचं नाही. ऐकायला सोपा वाटतो, पण नवऱ्याच्या किंवा मित्राच्या मागून चालणारी बाई 'नको' म्हणेल कशी? सॉगस्टॅड आणि तिच्या मैत्रिणींनी खास बायकांसाठी हिमस्खलनाची शिबिरं घेतली. मला वाटतं, फावडं चालवण्याइतकंच तिथे हे 'नको'सुद्धा घोटून घ्यायला हवं.

आमच्या संस्थेत हल्ली सगळ्यांत नवीन मुलगी आधी बोलते, ताई शेवटी. वेळ लागतो, ताई वैतागतातही. परवा एक नवी मुलगी 'मला नाही पटत' एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. ती केस आम्ही दोन दिवस पुढे ढकलली.

आता गटांत बसू. प्रत्येकीने आपण गप्प राहिलो तो एक निर्णय आठवायचा आहे. कागद रेखाताईंकडे आहेत.