दुसऱ्या वेळचा वकील



अमेरिकेतून आले म्हणून कौतुकाचंच काही ऐकवावं, अशी अपेक्षा असेल. मुलाला विचारूनच आज वेगळं सांगतेय.

आम्ही मिशिगनमध्ये राहतो. दारूसाठी तिथे वयाची 21 वर्षं पूर्ण लागतात. माझा मुलगा 19 व्या वर्षी बिअर पिताना दुसऱ्यांदा पकडला गेला. पहिल्या वेळी दंड भरून मी विषय मिटवला होता. 2018 पासून तिथे पहिली चूक दिवाणी आणि दुसरी फौजदारी धरतात, हे कोर्टाचा कागद आल्यावर वाचलं!

एका वकिलाने फोनवरच हमी दिली, केस नक्की उडवतो. आमच्या धंद्यात टेस्टिंगआधी कोणी हमी दिली, की मला धडकीच भरते. दुसऱ्या वकीलबाई त्याच कोर्टात नेहमी उभ्या राहणाऱ्या. म्हणाल्या, गुन्हा कबूल केला तर न्यायाधीश शिक्षा न नोंदवता प्रोबेशन देऊ शकतात, अटी पाळल्या तर केस रद्द होते. पण देतीलच असं नाही. फीचा आकडाही एकच, ठरलेला.

मग मला म्हणाल्या, "आता तुम्ही बाहेर बसा. फी तुमची असली तरी अशील तो आहे."

शाळेत आईला बोलावणं आलं, की मी हेडबाईंच्या खोलीबाहेर अशीच ताटकळायचे. पाऊण तासाने तो बाहेर आला, डोळे लाल. "आई, ह्यांनाच घेऊ या."

आत काय बोलला, ते मी अजून विचारलेलं नाही.