जबड्याचे दुखणे आणि तीन सुया

(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. आज बोलावयास उभी आहे ती एवढ्याचसाठी की, दीड वर्ष मी जबड्याच्या दुखण्याने हैराण झाले होते, आणि त्यापायी त्यावरील सुयांची माहिती मला करून घ्यावी लागली.

दुखणे सुरू झाले कानाजवळ. सकाळी जबडा आखडलेला असे. भाकरीचा तुकडा चावताना डोळ्यांत पाणी येई. मंडळाच्या भजनात मी नुसते ओठ हलवीत असे, हे आज कबूल करते! दाढच दुखते असे समजून दाढ काढली; दुखणे जागच्या जागी. पुढे दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी गालावर बोट दाबले, तो गेलेल्या दाढेच्या जागीच कळ उठली. तेव्हा उलगडा झाला. चावण्याचा मोठा स्नायू गालात असतो, त्याला मॅसेटर म्हणतात. त्यात गाठीसारख्या ताठ जागा होतात आणि त्यांची कळ दाढेत, कानात उमटते. म्हणून दाढ काढण्यापूर्वी स्नायूही तपासून घ्यावा, ही माझी पहिली विनंती.

या ताठ जागांचा अभ्यास अमेरिकेच्या डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांनी अनेक वर्षे केला. १९६१ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी त्यांना आपल्या वैद्य नेमले. त्या पदावर आलेल्या त्या पहिल्या स्त्री.

आता सुयांविषयी. पहिली लिग्नोकेनची. दात काढताना बधिर करण्यासाठी देतात तेच हे औषध. बधिरपणा तास-दोन तासच राहतो, पण तेवढ्यात जबडा हलके ताणून घ्यावयाचा असतो. नंतर एक-दोन दिवस जागा ठणकते. मला ही सुई दिली, त्या संध्याकाळी कित्येक महिन्यांनी मी पोटभर जेवले. पंधरवड्याने दुखणे परतले.

दुसरी सुई औषधावाचूनची. हसू नका! १९७९ साली प्रागच्या डॉ. कारेल लेविट यांनी लिहिले की, सुई नेमक्या जागी लागली की औषधाविनाही आराम पडतो. १९८० साली डेन्मार्कमधील डॉक्टरांनी स्नायूदुखीच्या काही रोग्यांना बधिर करणारे औषध दिले, काहींना नुसते मिठाचे पाणी. मिठाचे पाणी मुळीच कमी ठरले नाही.

तिसरी सुई बोट्युलिनमची, आणि तीच महागडी. हे एका जिवाणूचे विष. अत्यल्प प्रमाणात देतात. मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा निरोप ते अडवते, म्हणून स्नायू सैल पडतो. परिणाम काही दिवसांनी दिसतो व तीन-चार महिन्यांत ओसरतो. चावण्याचा जोर कमी होतो, आणि वारंवार घेतल्यास स्नायू बारीक होतो. आपल्यातील एका भगिनीने ती घेतली. तीन महिने तिला बरे वाटले, मग पुन्हा खर्च. १९८९ साली अमेरिकेत या औषधास मान्यता मिळाली ती डोळ्यांच्या विकारांसाठी. जबड्याच्या स्नायूदुखीवर २०११ साली स्वीडन-डेन्मार्ककडील डॉक्टरांनी एकवीस रोग्यांना आलटून पालटून हे औषध व मिठाचे पाणी दिले. ठळक फरक आढळला नाही.

मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी ठेवलेले पैसे मी या सुईसाठी मोडणार होते. डॉक्टरीणबाईंनीच थांबविले. जुनाट दुखण्यावर आधी जबड्याचे शिकून केलेले व्यायाम, ताठ जागांचे मर्दन आणि मनाचा ताण हलका करणारे उपचार करावेत, असेच त्यांचे मत होते. २०२३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या मार्गदर्शनाचाही कल तोच आहे. बोट्युलिनमची शिफारस त्यात नाही.

मग त्यांनी विचारले, "रात्री दात खाता का?" यजमानांच्या आजारपणात मी दिवसभर मूग गिळून बसत होते आणि रात्रभर दात खात होते. हे माझ्या ध्यानातच आले नव्हते! तेव्हापासून ओठ मिटलेले पण दात सुटे ठेवते, गाल शेकते, व्यायाम करते, आणि मनातले धाकट्या जावेपाशी बोलते. दुखणे समूळ गेले असे म्हणत नाही. पण आज भाकरी खाते आणि भजनही म्हणते.

सुई वाईट नाही. ती दार उघडून देते, आत पाऊल आपणच टाकावयाचे. महागडी सुई तेवढी अधिक गुणकारी, असे मात्र समजू नका.