खारं पाणी, गुलाबी पाणी



२०२० सालचा जून महिना आठवा. करोनाच्या धास्तीनं आपण सगळे घरात बसलो होतो. अशात एक दिवस मोबाइलवर फोटो आला. बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं हिरवट पाणी चक्क गुलाबी झालं होतं. अम्मीला दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “पानी का रंग बदल्या, कुछ तो होनेवाला है.” कुणी देवीचा चमत्कार म्हटलं, कुणाला लोणासुराचं रक्त आठवलं. मीही मागे राहिलो नाही. सरोवर न बघताच त्यावर कविता लिहून मोकळा झालो. महामारी पाहून पाणीसुद्धा रक्ताळलं, असा तिचा सूर होता. मित्रांनी वाहवा केली.

पाऊस झाला, रस्ते मोकळे झाले, तेव्हा मी निघालो. आमच्या शहरातून जालना, सिंदखेडराजा करत लोणारला जायला तीन-साडेतीन तास लागतात. काठावर उभा राहिलो. जवळजवळ दोन किलोमीटर रुंदीचा गोल वाडगा, त्याच्या तळाशी पाणी. आणि ते होतं हिरवं! गुलाबीचा मागमूस नव्हता.

काठावरच्या चहावाल्यानं माझा चेहरा ओळखला. म्हणाला, “काका, रंग पाहायला आलात ना? पाणी आटलं तेव्हा रंग आला. पाऊस पडला, गेला. तुम्ही पाणी बघा.”

त्याचं म्हणणं शास्त्रज्ञांच्या निष्कर्षाशी जुळणारं होतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे हा विषय गेला होता. पाण्याचे नमुने तपासले गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला त्यात अतिखाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्म जीव सापडले. पाणी कमी झालं, उन्हानं तापलं, खारटपणा वाढला, तसे ते बेसुमार वाढले. त्यांच्या अंगचं रंगद्रव्य गुलाबी. पावसाचं पाणी मिसळल्यावर ते तळाशी बसले. ना रक्त, ना कोप. माझी कविता तिथंच संपली.

जगात अशी रंगीत पाणी आणखीही आहेत. स्पेनच्या लान्झारोते बेटावर समुद्राकाठच्या ज्वालामुखीच्या विवरात हिरवंगार तळं आहे. त्याला रंग दिला तो शेवाळानं. लोणारलाही पूर्वी अनेक जण ज्वालामुखीचं विवर समजत. पुढे १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, प्रचंड आघातानंच तयार होणारी काच इथल्या खडकात दाखवली गेली आणि उल्केच्या बाजूनं कौल पडला. वयाबद्दल मात्र अजून मतभेद आहेत. काही मोजण्या पन्नास हजार वर्षांच्या आसपास सांगतात, काही पाच लाखांच्याही पुढे.

माणसांनी हा खारटपणा फार पूर्वीच ओळखला होता. अबुल फज्लच्या ‘आईन-ए-अकबरी’त लोणारचा उल्लेख आहे, तो पवित्र ठिकाण म्हणून आणि काच-साबणाला लागणारा माल देणारी जागा म्हणूनही. इथल्या क्षारांना लोकांनी नावं दिली: दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. गंमत म्हणजे याच वाडग्याच्या काठावर धारेचं गोडं पाणी बारमाही वाहतं. खाली कमळजा देवीच्या देवळाजवळ सासू-सुनेची विहीर आहे. तिच्या एका बाजूचं पाणी गोड, दुसऱ्या बाजूचं खारं, असं लोक सांगतात.

पायवाटेनं खाली उतरलो. मोरांचे आवाज येत होते. पाण्याजवळ गेल्यावर कुजक्या अंड्यांसारखा वास आला. मी नाकाला रुमाल लावला आणि मनात आलं, थोडं स्वच्छ, गोडं पाणी आत सोडलं तर काय बिघडेल? मग लक्षात आलं, इथंच तर चूक होते. हे सरोवर खारं आहे म्हणूनच ते लोणार आहे. त्यातले जीव त्या खारटपणावर जगतात. गोडं पाणी बाहेरून जास्त आलं, गावचं सांडपाणी मिसळलं, तर ते नष्ट होतील. नोव्हेंबर २०२० मध्ये लोणारला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. पुढे २०२५ मध्ये पाणी चढून कमळजा देवीच्या देवळापर्यंत पोचल्याच्या बातम्या वाचल्या, आणि गुलाबी फोटो पाहून वाटलं नव्हतं इतकी भीती वाटली. या वेळी मात्र चमत्काराची चर्चा झाली नाही. चढत्या पाण्याला रंग नसतो ना!

आपलं असंच आहे. रंग बदलला की आपण धावत जातो, चव बदलली तर कुणाला पत्ता नसतो. सगळ्यांनी गोडच असलं पाहिजे, हा हट्टही आपलाच. कुणी आपल्या खारटपणासकट शेजारी राहिलं, तर त्याला तसं राहू द्यावं.

घरी आल्यावर अम्मीनं विचारलं, “रंग देख्या?”

म्हटलं, “नहीं अम्मी, पानी देख्या.”

ती कविता मी वहीतून काढून टाकली. तुम्ही लोणारला जाल तेव्हा रंगाची चौकशी जरूर करा. पण त्याआधी पाण्याची करा.