मुक्या जोडीदाराची परीक्षा

मलिक अंबरानें १६१० मध्यें वसविलेली खडकी म्हणजेच आजचें छत्रपति संभाजीनगर. त्याचा सारा भर चपळ घोडदळावर होता. तीं युद्धकौशल्यें आतां क्रीडांगणावर उरलीं आहेत. भरधाव घोड्यावरून जमिनींतील मेख भाल्यानें उचलण्याची नेझाबाजी त्यांपैकींच. १९८२ च्या दिल्लींतील आशियाई खेळांत तिला स्थान होतें.

परंतु खरा कस लागतो तो तीन दिवसांच्या ‘इव्हेंटिंग’मध्यें. घोडा एकच, परीक्षा तीन. प्रथम ‘ड्रेसाज’: येथें लगामाची ओढाताण हा दोषच, स्वाराची खूण घोड्यास कळावी, प्रेक्षकांस दिसूं नये. नंतर रानांतील दौड, चर, पाणी आणि जागचे न हलणारे ओंडके ओलांडीत. येथें घोडा अडखळला तर स्वाराच्या जिवावर बेततें! शेवटीं मैदानांतील उड्या. पण त्यापूर्वीं घोड्याची तपासणी होते, आणि तो लंगडतांना आढळल्यास आघाडीवरचा स्वारही बाद ठरतो. नियम कठोर खरा, पण मुक्या प्राण्याची तक्रार दुसरें कोण मांडणार?

रघुबीरसिंग यांनीं १९८२ मध्यें यांत सुवर्णपदक मिळविलें. पुढें २०२३ मध्यें हांगचौ येथें ‘ड्रेसाज’चें सांघिक सुवर्णपदक भारतास लाभलें, त्या चौघांत मुंबईचे हृदय छेडा होते. त्या संघाचा सराव मात्र युरोपांत झाला होता.