काळाने चढविलेला ओप

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा सारांश)



महोत्सव जवळ आला की मंदिरांत व घरांत साफसफाईला जोर येतो. जुनी तांब्या-पितळेची भांडी चिंचेने लखलखीत होतात, सागवानी दारांवर तैलरंग चढतो, दगडी खांबही रंगविले जातात. हा उत्साह स्तुत्यच आहे. परंतु हात लावण्यापूर्वी, पुसला जातो तो मळ आहे की काळाने चढविलेला ओप, याचा विवेक व्हावयास हवा.

तांब्या-पितळेवरील हिरवटपणाला मराठीत ‘कळंक’ म्हणतात. स्वयंपाकघरात ही निंदा योग्यच आहे. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते व अपायकारक ठरते. उघड्यावरील तांब्याची गोष्ट मात्र निराळी. हवा व पाणी यांच्या संयोगाने ते प्रथम तपकिरी आणि कालांतराने हिरवे होते. लोखंडाचा गंज पोपडे धरून आतपर्यंत पोखरत जातो. तांब्यावरील हा घट्ट थर उलट आतील धातूचे रक्षण करतो. न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा १८८६ मध्ये उभा राहिला, तेव्हा तांबूस होता. तो हिरवा झाल्यावर १९०६ मध्ये रंगविण्याचा विचार निघाला, तेव्हा लोकांनीच त्यास विरोध केला.

अशी उदाहरणे आपल्या परिसरातही आहेत. आलापल्लीच्या वनातील सागवान घराच्या चौकटीत बसले की हातांच्या स्पर्शाने व तेलाने गडद होत जाते. तेच ऊन-पावसात राहिले तर रुपेरी करडे दिसते. चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या तीरावर मार्कंड्याचा मंदिरसमूह आहे. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७३ ते १८७५ या काळातील आपल्या दौऱ्यांच्या अहवालात त्याची नोंद केली. तेथील शिल्पांवर शतकानुशतकांच्या पावसाळ्यांची छाया आहे. तो दगड खरवडून पांढरा केला, तर वय लोपेलच, शिवाय टणक झालेले बाह्यकवच जाऊन आतील ठिसूळ कण उघडे पडतील.

आपल्या समाजाच्या दृष्टीने सर्वांत नाजूक प्रश्न धातुप्रतिमांचा आहे. अकोला जिल्ह्यातील राजनापूर खिनखिनी येथे सापडलेल्या प्राचीन जैन धातुप्रतिमा नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजेच ‘अजब बंगल्या’त आहेत. अनेक धातुप्रतिमांच्या पाठीमागे संवत, दात्याचे कुटुंब व प्रतिष्ठा करणाऱ्या आचार्यांचे नाव कोरलेले असते. आंबट पदार्थ व भुकटी लावून वर्षानुवर्षे घासल्यास ती अक्षरे झिजतात. ज्या पूर्वजांनी प्रतिमा घडविली, त्यांचे नाव वंशजांच्या भक्तीनेच पुसले जावे, याहून मोठी हानी कोणती? नित्य प्रक्षाल शुद्ध जलाने व मऊ वस्त्राने व्हावा. चकाकी आणण्याचा हव्यास नसावा.

याचा अर्थ प्रत्येक डाग जपावा असा नाही. धुराची काजळी, पक्ष्यांची घाण, चुन्याचे शिंतोडे काढलेच पाहिजेत. काशाच्या वस्तूवर फिकट हिरवी, भुकटीसारखी गळणारी बुरशी दिसली तर तो ओप नव्हे, धातूचा रोग होय. तेथे घरगुती उपाय न करता जाणकारांस पाचारण करावे. जीर्णोद्धारापूर्वी छायाचित्रे घ्यावीत आणि लेख वाचून उतरवून ठेवावेत.

येथे एक शंका संभवते. कर्ममल झाडून आत्मा निर्मळ करणे हे ज्या धर्माचे ध्येय, त्याने डागाचे कौतुक का करावे? उत्तर सरळ आहे. आत्म्यावरील मल स्वभाव झाकतो. धातूवरील ओप मात्र वस्तूचा स्वभावच प्रकट करतो. उत्पाद, व्यय व ध्रौव्य हे तिन्ही तेथे एकत्र दिसतात: जुना रंग गेला, नवा आला, तांबे तांबेच राहिले. ओपाचे हे कौतुकही आसक्ती होऊ नये. जुन्या वस्तू जमविण्याचा छंद हाही परिग्रहच आहे. जपायची आहे ती वस्तूची किंमत नव्हे, तर तिला लागलेल्या असंख्य हातांची साक्ष.

पन्नास वर्षांत संस्थेच्या उंबरठ्याला जी गुळगुळीत झीज आली असेल, ती कोणत्याही कारागिराला घडविता येणार नाही. महोत्सवाच्या रंगरंगोटीत तेवढी जागा तशीच राहू द्यावी.

जय जिनेंद्र!