आकाश आपल्याकडे आहे, तारीख कळायला हवी



शाळेला बॅचतर्फे काय द्यायचं, यावर महिनाभर आपल्या ग्रुपवर चर्चा चालू आहे. कमान झाली, वॉटर कूलर झाला, रंगकाम झालं. माझी सूचना जवळपास बिनखर्चाची आहे.

आपण दहावीत होतो तेव्हा, १९९५ च्या दिवाळीत, खग्रास सूर्यग्रहण झालं. आपण ते दूरदर्शनवर पाहिलं. आकाशाचं वेड असलेली मुलं तेव्हाही वर्गात होती. त्या वेडाला पुढे वाट दाखवणारं कुणी नव्हतं.

आज वाटा आहेत. इस्रोचा 'युविका' कार्यक्रम २०१९ साली सुरू झाला, तो नववीच्या मुलांसाठी. निवडलेली मुलं सुमारे दोन आठवडे इस्रोच्या केंद्रात राहून शिकतात. प्रवासाचा, राहण्याचा खर्च इस्रो करते. निवडीत आठवीचे गुण, ऑनलाइन प्रश्नमंजूषा, विज्ञान प्रदर्शनातला सहभाग धरतात आणि ग्रामीण शाळेतल्या मुलांना वेगळे गुण देतात. म्हणजे खेड्यातली शाळा ही इथे जमेची बाजू.

दुसरी वाट खगोलशास्त्र ऑलिंपियाडची. आधी राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा, मग मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची पुढची फेरी, शिबिर आणि शेवटी आंतरराष्ट्रीय स्पर्धा. २०२५ साली ती मुंबईतच भरली होती. तिथे गणितं असतात, तशी आकाशनिरीक्षणाचीही परीक्षा असते. पुण्यात माझ्या गॅलरीतून मोजून दहा तारे दिसतात. आपल्या मैदानावरून अमावास्येला आकाशगंगा दिसते.

कमी पडते ती फक्त बातमी. अर्जाची मुदत संपल्यावर मुलांना कळतं.

पालक विचारतील, "निवड नाही झाली तर?" बहुतेकांची होणार नाहीच, जागा मोजक्या असतात. पण पाठ न केलेल्या प्रश्नाशी तासभर झुंजायची सवय लागते. मला ती इंजिनिअरिंगला गेल्यावर लावून घ्यावी लागली. आज माझी रोजीरोटी त्याच सवयीवर चालते.

म्हणून तीन कामं वाटून घेऊ. एकाने अर्जांच्या तारखांवर लक्ष ठेवायचं आणि फॉर्म भरायला मदत करायची. गावातल्यांनी हिवाळ्यातल्या एका अमावास्येला मैदानावर आकाशदर्शन ठेवायचं. जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घ्यायला दर रविवारी एक तास मी ऑनलाइन देईन.

सर, बाई, तुमची परवानगी असेल तर येत्या जूनपासून नववीच्या वर्गापासून सुरुवात करू. कमानीचं नंतर बघता येईल.