वित्तशिक्षणासाठी अमेरिका की ब्रिटन?



वित्तक्षेत्रात जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने अमेरिकेतील विद्यापीठ निवडावे की ब्रिटनमधील, हा विषय आज माझ्याकडे सोपविण्यात आला आहे. विषय महानगरातला वाटेल. परंतु तालुक्याच्या महाविद्यालयातून बी.कॉम. झालेली मुलेही आता हा प्रश्न घेऊन शिक्षकांकडे येतात, आणि कर्जासाठी लागणाऱ्या दाखल्यांकरिता त्यांचे वडील ग्रामपंचायतीत येतात. तेव्हा सल्ल्याची जबाबदारी आपल्यावरही येते.

या दोन्ही देशांच्या विद्यापीठांत शिकून चलन आणि राजस्व या विषयांवर अधिकाराने लिहिणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्यासमोर आहेत. बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे अर्थशास्त्राच्या जोडीला इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र असे विषय त्यांनी अभ्यासले. १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून शिल्लक टाकली, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य मिळाले, तेव्हा १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला जाऊ शकले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध १९२३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

या इतिहासातील दोन गोष्टी आजही लागू आहेत. अमेरिकेची पद्धती विस्ताराची, ब्रिटनची एकाग्रतेची, ही पहिली. आणि बुद्धी कितीही तेजस्वी असली तरी पैसा मध्येच संपला तर अभ्यास थांबतो, ही दुसरी. माझ्या मते दुसरी अधिक महत्त्वाची आहे.

पहिलीचा विचार थोडक्यात करू. अमेरिकेत पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा असतो आणि मुख्य विषय बहुधा दुसऱ्या वर्षाच्या सुमारास ठरविता येतो. इंग्लंडमध्ये तो साधारणतः तीन वर्षांचा असून अर्ज करतानाच विषय ठरवावा लागतो. ज्याचा कल निश्चित झालेला नाही त्याला अमेरिकेची पद्धती सोयीची, हे उघड आहे. मात्र पदवीला ‘वित्त’ हे नाव असलेच पाहिजे, हा समज सोडावा. चिंतामणराव देशमुख केंब्रिजला निसर्गविज्ञाने शिकले, त्यांतही वनस्पतिशास्त्र हा त्यांचा आवडीचा विषय. आणि १९४३ मध्ये तेच रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले!

आपल्याकडील बहुसंख्य विद्यार्थी पदव्युत्तर शिक्षणासाठी जातात, आणि खरी अडचण तेथे आहे. आपली तीन वर्षांची पदवी ब्रिटनमध्ये सामान्यतः चालते. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांना मात्र शालेय शिक्षण धरून सोळा वर्षांचे अध्ययन हवे असते. ब्रिटनमधील पदव्युत्तर अभ्यासक्रम प्रायः एका वर्षात पुरा होतो. म्हणजे एकाच वर्षाचा राहण्याजेवणाचा खर्च, आणि घरच्यांना दिलासा. पण लंडनच्या मोठ्या बँका पुढील वर्षाच्या नेमणुकांसाठी उन्हाळ्याच्या अखेरीपासूनच अर्ज मागवू लागतात. विद्यार्थी सप्टेंबरमध्ये पोहोचतो, खोली शोधतो, ग्रंथालयाचे ओळखपत्र मिळवितो, तोवर अर्जांची मुदत संपत आलेली असते. भारतातून निघण्यापूर्वीच ज्याचा अर्ज आणि मुलाखतीची तयारी झालेली नाही, त्याच्यासाठी ते एक वर्ष फार लहान ठरते. अमेरिकेतील दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात मधला उन्हाळा एखाद्या बँकेत उमेदवारी करण्यास मिळतो, आणि त्या उमेदवारीतूनच पुष्कळांना कायमची जागा मिळते. या उन्हाळ्याची किंमत म्हणजे आणखी एका वर्षाची फी.

शिक्षणानंतर तेथे किती काळ राहता येईल, हेही आधीच पाहावे. अमेरिकेत पदवीनंतर एक वर्ष काम करण्याची मुभा असते. विज्ञान-तंत्रज्ञान-गणित वर्गात मोडणाऱ्या अभ्यासक्रमांना आणखी दोन वर्षे मिळतात. साधे अर्थशास्त्र या वर्गात येत नाही; अर्थमिती आणि संख्यात्मक अर्थशास्त्र येते. एकाच विद्यापीठातील, नावाने मिळत्याजुळत्या दोन अभ्यासक्रमांत असा दोन वर्षांचा फरक पडतो, म्हणून त्याचा वर्गीकरण क्रमांक विद्यापीठाकडून लेखी मागवावा. त्यापुढील एच-१बी परवान्यांची वार्षिक मर्यादा ६५,००० असून अमेरिकेत उच्च पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० आहेत. मागणी त्याहून कितीतरी मोठी. सप्टेंबर २०२५ मध्ये तर नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क बसविणारे फर्मान निघाले. ब्रिटनने २०२१ मध्ये पदवीनंतर दोन वर्षांची मुभा दिली होती. १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना पदवी व पदव्युत्तर स्तरावर ती अठरा महिन्यांचीच राहील, असे ठरविले आहे. दोन्हीकडचे दरवाजे असे अरुंद होत असताना ‘तिथे गेल्यावर काहीतरी होईल’ या भरवशावर कर्ज काढणे मला धोक्याचे वाटते.

कारण साडेसात लाखांवरील शैक्षणिक कर्जाला बँका सर्वसाधारणपणे तारण मागतात, आणि खेड्यातील कुटुंबाजवळ तारण म्हणजे बहुधा राहते घर. म्हणून विद्यार्थ्याला मी एकच हिशेब करावयास सांगतो : भारतात परतून येथील पगारावर हा हप्ता फेडता येईल काय? उत्तर ‘नाही’ असेल, तर विद्यापीठ कितीही नामांकित असो, शिष्यवृत्तीशिवाय जाऊ नये. दरम्यान येथेच नोकरी करीत सी.एफ.ए.सारखी जगभर मान्य असलेली परीक्षा देता येते. ती परीक्षा मुंबईतही घेतली जाते. आणि विद्यापीठे शिफारस करणाऱ्या दलालांना दलाली देतात, हे ठाऊक असले म्हणजे त्यांच्या ‘मोफत’ सल्ल्याचे मोल कळते.

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. इतर घटकांसाठीही वेगवेगळ्या विभागांच्या योजना आहेत. त्यांच्या अटी व मुदती दरवर्षीच्या जाहिरातीत पाहाव्यात. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला मिळण्यास वेळ लागतो, प्रवेशाचे पत्र मात्र अचानक येते. पंचायत सदस्यांना माझी विनंती आहे की, गावातील असा विद्यार्थी शेवटच्या वर्षाला गेला की त्याचे दाखले त्याच वर्षी काढून घ्यावेत.